बळीरामजींचं भाषण आणि एरर मायनस एकाहत्तर

२० जुलै, रविवार

संकल्प : पेंडिंग लग्नांचे सगळे व्हिडिओ ऑगस्ट संपायच्या आत एडिट करून टाकायचे. पेंडिंग म्हणजे तशी फार नाहीत. जी आहेत ती क्वालिटीमुळे राहिली, आळसामुळे नाही. एडिटिंग ही कला आहे.

सकाळी मथुरामावशी स्वतः दुकानात आल्या. त्यांची मुलगी साधना, तिचं लग्न मागच्या वर्षी मे महिन्यात मीच शूट केलं. अल्बम तेव्हाच दिला, व्हिडिओ राहिला. लग्नानंतर पावसाळ्यात साधनाचे वडील बळीरामजी गेले. कोळसा खाणीतून रिटायर झालेला माणूस, चार लोकांत कधी तोंड उघडलं नाही, पण लेकीच्या लग्नात माईक हातात घेऊन बोलले. १७ ऑगस्टला त्यांचा पहिला स्मृतिदिन. विहाराच्या हॉलमध्ये सगळे जमणार, पडद्यावर तेवढं भाषण दाखवायचं आहे.

मी म्हटलं, मावशी, तुम्ही तर ऐकलंच असेल ना समोर बसून. तर म्हणाल्या, "नाई ऐकलं भाऊ. भात कमी पडला म्हनून मी मांगं चुलीपाशी होती. सारे म्हनतात लय छान बोलले. पन काय बोलले ते एकालेबी सांगता येत नाई. साधना तं नुसती रडून राह्यली होती."

आठ दिवसांत देतो म्हणून सांगितलं. खरं तर चार दिवसांचं काम आहे, पण ग्राहकाला मार्जिन ठेवून सांगावं.

सगळं शूटिंग काळ्या एक्स्टर्नल डिस्कमध्ये आहे. दुसरीकडे कॉपी नाही. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नाला रिकामी करावीच लागतात, हे सगळीकडेच असं चालतं.

डिस्क यूएसबीला लावली. दिवा लागला. स्क्रीनवर काही आलं नाही. किरकोळ आहे. उद्या.

२१ जुलै

आजही काही आलं नाही. पण मी घाबरणाऱ्यांतला नाही. व्हायरसने विंडोज खाल्लं तेव्हापासून मी लिनक्सवर आहे. राजूरमध्ये लिनक्सवर चालणारा स्टुडिओ एकच. लिनक्समध्ये मशीन स्वतः सांगतं काय दुखतंय, फक्त वाचता आलं पाहिजे. टर्मिनल उघडून लॉग काढला. लिहिलं होतं, डिव्हाइस नॉट ॲक्सेप्टिंग ॲड्रेस, एरर मायनस एकाहत्तर.

मायनस एकाहत्तर म्हणजे काय ते नेटवर शोधलं. कोणी म्हणतं केबल, कोणी म्हणतं पोर्ट, कोणी म्हणतं पॉवर. म्हणजे तिन्ही सोप्या गोष्टी. डिस्क खराब असंही एकाने लिहिलंय, पण तो निराशावादी माणूस वाटला.

२२ जुलै

केबल बदलली. डिस्क आली!! सगळी फोल्डरं एका रांगेत. 'साधना-राजदीप लग्न' हे फोल्डर डोळ्यांनी पाहिलं. आतली फाइलही पाहिली. पंचवीस वर्षांचा अनुभव उगाच नसतो.

लगेच मावशींना फोन केला, काम झालं समजा.  त्या म्हणाल्या, "बरं भाऊ."

नंदा म्हणाली, "आवो, आधी ते भाषन काढून दुसऱ्या जागी ठेवा." बायकोला प्रत्येक गोष्टीची घाई. आधी फोल्डरांची नावं नीट लावतो, मग शांतपणे सगळंच कॉपी करतो. अर्धवट काम मला जमत नाही. फोल्डरं लावता लावता जेवायची वेळ झाली.

जेवून आलो तर डिस्क परत गायब. असो. आता कारण माहीत आहे.

२५ जुलै

केबल हे कारण नव्हतं.

दुपारी खाणीत ब्लास्टिंग झालं, दुकानाच्या काचा थरथरल्या. त्यानंतर डिस्कमधून आवाज यायला लागला. टक. थोडं थांबून टक. मी कान लावून ऐकलं. फिरणारी वस्तू आहे, आवाज करणारच. पंखाही करतो.

नंदा डबा घेऊन आली होती. डबा ठेवता ठेवता थांबली, म्हणाली, "आतून कोनी दार वाजवून राह्यलं असं वाटते." मी हसलो. ती हसली नाही. डबा टेबलावर न ठेवता स्टुलावर ठेवून गेली.

२८ जुलै

मूळ कारण सापडलं. करंट! पुढच्या पोर्टला करंट कमी पडतो. डिस्क उपाशी आहे, म्हणून तक्रार करते. वणीहून वेगळा ॲडॉप्टर असलेला हब आणला. त्यात डिस्क लावली. आता तिला पोटभर मिळतंय.

फोल्डरं दिसली. कॉपी सुरू केली. थोडी पुढे गेली आणि अडकली. मग लॉगमध्ये नुसता पाऊस : रिसेट, रिसेट, रिसेट. मग डिसकनेक्ट.

मावशींचा फोन आला. रेंडर चालू आहे म्हणून सांगितलं. तांत्रिक शब्द वापरला की ग्राहकाला धीर येतो.

३१ जुलै

करंट कारण नव्हतं. आजचं कारण जास्त खोल आहे. लिनक्स वीज वाचवायला यूएसबीला मधून मधून झोपवतं. आता डिस्क झोपली आणि उठवली की तिचं डोकं फिरणारच. झोपवणं बंद केलं. दुसरं म्हणजे ही डिस्क वेगवान पद्धतीने बोलते, तिला जुन्या संथ पद्धतीवर आणलं. त्यासाठी बूट फाइलमध्ये एक ओळ घालावी लागते. ती मी कुठेही न अडखळता घातली. वणीतला कोण करू शकेल हे?

मशीन चालूच झालं नाही. ओळीत एक अक्षर जास्त पडलं होतं.

१ ऑगस्ट

मशीन चालू झालं. दिवस त्यात गेला, पण शिकायला मिळालं.

टक. टक. आता मधलं अंतर कमी झालंय. किंवा मीच जास्त ऐकतोय.

२ ऑगस्ट, शनिवार

साधनाचा नवरा राजदीप मुकुटबनहून मोटरसायकलवर आला होता. काचेजवळच्या खुर्चीवर बसला. मी त्याला पासपोर्ट फोटो काढायचे का विचारलं, नको म्हणाला. चहा मागवला, तो घेतला. माझ्या टेबलाकडे बघत बसला. तेवढ्यात डिस्क वाजली. त्याने विचारलं, "त्याच्यातच हाये का?" मी म्हटलं, यात बरंच काही आहे. तो म्हणाला, साधना सासरी रोज विचारते, बाबांचा आवाज कसा होता ते आता तिला नीट आठवत नाही. फोनमध्ये एक क्लिप आहे पण त्यात बँड वाजतो आणि बाबांची पाठ दिसते.

मी त्याला लिनक्सची मेमरी कशी असते ते समजावलं. तो "हो, हो" म्हणत राहिला. जाताना दार लावून घेतलं नाही. कोळशाची धूळ आत आली, टेबलावर काळा थर. डिस्क पुसली. गरम लागली.

५ ऑगस्ट

डिस्क पातळ टॉवेलात गुंडाळून बर्फाच्या पिशवीवर ठेवायचा उपाय एका ठिकाणी वाचला. करून पाहिला. काही नाही. टॉवेल नंदाचा निघाला. दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

८ ऑगस्ट

वणीला पूनमसिंगच्या दुकानात गेलो. कॉम्प्युटर रिपेअर करतो, स्वतःला फार समजतो. मी फक्त नवी रिकामी डिस्क घ्यायला गेलो होतो, सल्ला मागायला नाही. पण बोलण्यात विषय निघाला. त्याने विचारलं, आवाज कसा येतो? मी टेबलावर बोटाने वाजवून दाखवला.

तो हातातलं काम ठेवून म्हणाला, "गोपालभाऊ, तिला परत लावूच नका. जेवढ्या वेळा लावाल तेवढी आतून घासेल. नागपूरला द्या पाठवून, तिथे उघडून काढतात. तुम्ही हात नका लावू आता."

मी म्हटलं बरं. मनात म्हटलं, नागपूरवाल्याशी याचं काही ठरलं असणार. मी पंचवीस वर्षं हात लावतोय, आता याच्या सांगण्यावरून लावू नको? शिवाय नागपूरच्या माणसाने बळीरामजींना पाहिलंय का कधी? मी पाहिलंय. माझ्या लेन्समधून पाहिलंय. माझ्या कानाला हेडफोन होता.

घरी येताना पाऊस लागला. नव्या डिस्कचा डबा शर्टाच्या आत धरून आणला.

१० ऑगस्ट, रविवार

मावशींचा फोन आठवड्यात आला नाही. म्हणजे त्यांचा विश्वास बसला. ग्राहक शांत झाला की समजावं.

नंदा म्हणाली, "कायले आनखी लपवून राह्यले? जाऊन सांगा त्याइले, बिघडली म्हना. मानसं समजून घेतात." मी म्हटलं, बिघडली असती तर सांगितलं असतं.

११ ऑगस्ट, सोमवार

निर्णायक उपाय. फाइल सिस्टिम रिपेअर. मशीन प्रत्येक चुकीला विचारतं, दुरुस्त करू का, हो की नाही. हजारो वेळा हो दाबणार कोण? म्हणून सगळ्यालाच एकदम हो सांगायची सोय असते. सांगितलं. स्क्रीनवर ओळी पळत राहिल्या. डिस्क टकटक करत राहिली. मी चहा घेऊन आलो. खूप काम चाललेलं दिसत होतं.

संपल्यावर उघडून पाहिलं. फोल्डरांची नावं गेली. 'साधना-राजदीप लग्न' नाही. त्याऐवजी एक मोठं फोल्डर, त्यात नुसते आकडे. ही फाइल कोणाची, ती कोणाची, काही कळत नाही. उघडल्या नाहीत. पण कचरा साफ झाला, हे नक्की. आता फक्त आतलं जसंच्या तसं उचलून नव्या डिस्कवर घ्यायचं, आणि तिथे निवांत ओळखायचं. खरं म्हणजे हेच आधी करायचं होतं, पण प्रत्येक गोष्टीला एक क्रम असतो.

१३ ऑगस्ट

आज शेवट. उद्या देतो म्हणून मावशींना फोन केला. "उद्या?" म्हणाल्या. हो, उद्या.

पद्धत इथे लिहून ठेवतो. जुनी डिस्क, नवी डिस्क, दोन्ही यूएसबीला. लिनक्स डिस्कला नाव नाही देत, अक्षर देतं. जी आधी जागी झाली ती बी, नंतरची सी. आज जुनी बी, नवी सी. कमांड द्यायची : बी मधलं सगळं काढ, सी वर लिही. सी वर आधी काही असेल तर पुसलं जाईल, म्हणून मशीन अडवतं. त्याला जोर लावायला एक अक्षर जोडावं लागतं. जोडलं.

सुरू झालं. फार हळू. एरर, एरर, थोडं वाचलं, एरर. टक टक टक. पण चाललंय.

दुपारी : लाइट गेली. इन्व्हर्टरने थोडा वेळ तग धरला आणि मान टाकली. मशीन बंद.

चारला लाइट आली. मशीन सुरू केलं. कमांड परत लिहायची गरज नाही, वरचा बाण दाबला की मागची येते. तशीच्या तशी. एंटर. जोर लावायचं अक्षर त्यात आहेच.

आणि काय सांगू! एकही एरर नाही. एकही! स्पीड असा की आकडे वाचता येत नाहीत. इतके दिवस अडखळणारी डिस्क पाणी वाहावं तशी वाहते आहे. लाइट जाणं हा शुभशकुन ठरला. मशीनला विश्रांती हवी होती, बस. नंदाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "इतकी लवकर कशी बरी झाली?" मी म्हटलं, माणसाला डॉक्टर चांगला मिळाला की होतो बरा.

पूनमसिंगला मेसेज टाकला : नागपूरची गरज पडली नाही.

त्याचा उलट मेसेज आला : लाइट गेल्यावर बी, सी बघून घेतले ना?

उत्तर दिलं नाही. जळतात लोक.

१४ ऑगस्ट

कॉपी पूर्ण. शंभर टक्के. एरर शून्य.

नवी डिस्क उघडली. सुरुवातीला दोन-चार आकडे दिसतात, पुढे काही नाही. ठीक आहे, म्हणून जुनी उघडली. तिच्यातही तेच. दोन-चार आकडे, पुढे काही नाही. एक फाइल उघडून आत पाहिलं. शून्य. नुसती शून्यं. खाली गेलो, आणखी खाली गेलो. शून्यं.

मग अक्षरं बघितली. नवी बी. जुनी सी.

लाइट आल्यावर नवी आधी जागी झाली होती. म्हणजे नवीतलं रिकामं जुनीवर लिहिलं गेलं.

दोन्ही परत काढून लावल्या. पोर्ट बदलले. मशीन बंद करून सुरू केलं. आज जुन्या डिस्कमधून आवाज येत नाहीये. अजिबात नाही. हे चांगलं की वाईट ते मला सांगता येणार नाही.

यात दोष द्यायचा झाला तर वीजवाल्यांना द्यावा लागेल.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाचं शूटिंग होतं. मुलांचं लेझीम चांगलं आलं. मावशी रस्त्याच्या पलीकडे पांढरी साडी नेसून उभ्या होत्या. मी कॅमेऱ्यात डोळा घालून ठेवला. डोळा काढला तेव्हा त्या गेल्या होत्या.

१६ ऑगस्ट, शनिवार

पर्याय तयार केला. लग्नाचे फोटो मशीनमध्ये आहेत, अल्बमसाठी काढलेले. त्यांचा स्लाइड शो केला. बळीरामजींचे अकरा-बारा निघाले. माईक धरलेला एक आहे, त्यावर हळू झूम दिलाय. मागे बासरी. सुंदर झालंय. खरं म्हणजे लोकांना फोटोच जास्त आवडतात. तिथे गेल्यावर तांत्रिक बाजू मी शांतपणे समजावून सांगेन.

नंदा म्हणाली, "मी नाई येत."

१७ ऑगस्ट, रविवार

गेलो. पडदा लावला. वंदना झाली, फोटोला फुलं वाहिली. साधना पुढच्या रांगेत, राजदीपजवळ. मथुरामावशी अगदी पडद्यासमोर, सतरंजीवर.

स्लाइड शो लावला. माईकवाला फोटो आला, हळूहळू मोठा झाला. तोंड उघडं आहे त्यात बळीरामजींचं. मावशी थोड्या पुढे सरकल्या. फोटो गेला, दुसरा आला. संपलं.

त्यांनी विचारलं, "आवाज कवा येईन भाऊ?"

मी उभा राहिलो आणि समजावलं. यूएसबी, करंट, मायनस एकाहत्तर, लाइट. बरंच बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे नाई."

मी म्हटलं, तसं नाही मावशी, तांत्रिकदृष्ट्या.

त्या उठल्या. विहाराचा माईक स्टँडवरून काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "तुमी तं त्याइच्या तोंडासमोर होते न भाऊ. कानाले ते लावून. साऱ्यात जवळून तुमीच ऐकलं. तं तुमीच सांगा, काय बोलले."

 पंख्याचा आवाज येत होता.

मला आठवत होतं ते असं : शर्ट पांढरा, मागून उजेड, चेहरा काळा पडत होता, म्हणून मी लेन्स उघडली. बॅटरी शेवटच्या काडीवर. आवाजाचा काटा लाल रंगात जात होता, म्हणून मी तो खाली आणत होतो. काटा आठवतो. त्यांचे ओठ हलताना आठवतात. एक शब्द आठवत नाही.

सगळे बघत होते, म्हणून बोललो. म्हटलं, बळीरामजी म्हणाले, बेटा साधना, दोन्ही घरांचं नाव उज्ज्वल कर. मी खाणीच्या अंधारात राबलो ते तुझ्या उजेडासाठी. चांगलं जमत गेलं. मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग मी म्हटलं, आणि तुझ्या आईने जे कष्ट केले ते विसरू नको.

मावशी अगदी जवळ आल्या. "माह्याबद्दल बोलले?"

मी म्हटलं, हो मावशी. सगळ्यांसमोर.

"काय म्हनून बोलले? नावानं?"

"हो. मथुराने फार सोसलं म्हणाले. तुमचं नाव घेतलं त्यांनी."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. चिडल्या नाहीत. आवाजही वाढवला नाही.

"जलमात कधी नाव नाई घेतलं त्याइनं माह्यं," त्या म्हणाल्या. "साधनाची माय म्हनत. लगन झालं तवापासून साधना व्हयपर्यंत तं कायबी म्हनत नव्हते, नुसते खाकरत."

साधनाने मान खाली घातली.

मावशींनी माझ्या हातातून माईक घेतला, पदराने पुसला, स्टँडवर परत लावला. पेच सैल झाला होता तो आवळला. मग म्हणाल्या, "जेवून जा भाऊ."

पंगतीत बसलो. माझ्या पानात त्यांनी स्वतः वाढलं. माझ्या डाव्या-उजव्या बाजूला कोणी बसलं नाही. जेवलो.